‘शेती करणारा नको’

मी वधू-वर सूचक केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवते. हे ऐकलं की लोक आधी हसतात आणि दुसऱ्या दिवशी आपल्या पुतण्याचा बायोडाटा मोबाइलवर पाठवतात. मी लग्नं जमवत नाही, जमवणाऱ्यांच्या हातात साधन देते, हे समजावून सांगणं मी आता सोडून दिलंय. धाराशिवात एका मेडिकलच्या वर माझ्या दोन खोल्या आहेत. खाली औषधं आणि वर लग्नं, असं माझा नवरा म्हणतो. तो शाळेत गणित शिकवतो, त्याला विनोद करायला वेळ असतो.

सुरुवातीला मी सगळ्यांसाठी एकच साचा केला होता. तो कुणीच घेतला नाही. पहिल्या केंद्राच्या बाईंनी विचारलं, यात देवक कुठं लिहायचं? दुसरे एक निवृत्त सर. ते आमच्या बौद्ध समाजाचं केंद्र चालवायचे. ते म्हणाले, पत्रिका, नाडी, मंगळ हे रकाने आमच्या लोकांना दिसायलाच नकोत. तिसऱ्या केंद्रात घटस्फोटित आणि विधवा बायकांची नावं होती. तिथल्या बाई म्हणाल्या, आमच्या पोरींचे फोटो कुणाच्याही मोबाइलवर जाता कामा नयेत. आधी बोलणं, मग फोटो. तेव्हा कुठं मला अक्कल आली. मी सगळं मोडलं आणि पुन्हा बांधलं. आता प्रत्येक रकाना दाखवता येत होता, लपवता येत होता, त्याचं नाव बदलता येत होतं. रंग, पहिल्या पानावरचं चित्र, निरोपांची भाषा, कुणाला काय दिसावं आणि कुणाला काय दिसू नये, सगळं केंद्र चालवणाऱ्याच्या हातात.

मग मात्र लोक आले. देवकवाल्या बाईंना मी गुलाबी पान आणि गणपती दिला. सरांना निळं पान दिलं, वर बुद्धाचं शांत चित्र. एका मुस्लिम केंद्राला हिरवी किनार आणि निकाहचे शब्द दिले. प्रत्येकाला वाटायचं, हे आपल्यासाठीच केलंय. मंडपवाला जसे तेच बांबू नेतो आणि वरचं कापड तेवढं बदलतो, तसं माझं चाललं होतं. ज्या घरात कधी कुणी पंचांग उघडलं नाही त्या घरातली मी, राशीचे छत्तीस गुण जुळवणारा हिशेब मी इतका चोख बसवला की देवकवाल्या बाई मला विचारायच्या, तुम्ही ज्योतिष कुठं शिकलात?

या सगळ्या केंद्रांचं एकमेकांशी काही म्हणजे काही जुळत नव्हतं. पण एक मागणी सगळ्यांची आली, आणि जवळजवळ त्याच शब्दांत. मुलीच्या बाजूला एक चौकट द्या. त्यावर खूण केली की शेती करणारी मुलं यादीत येताच कामा नयेत. नुसतं खाली गेलं तर चालणार नाही, दिसायलाच नको. सर तर मला म्हणाले, “ताई, मुलीचे वडील शंभर पोरं बघतात आणि त्यातली साठ रानातली निघाली की मलाच शिव्या घालतात.” मी ती चौकट दोन तासांत करून दिली. नाव ठेवलं, ‘शेती करणारा नको’. त्या महिन्यात माझं सॉफ्टवेअर सगळ्यात जास्त आवडलं ते त्या चौकटीमुळं. दाखवायला गेले की मी आधी तीच दाखवायची. खूण करायची, यादी एकदम आखूड व्हायची, आणि समोरचा माणूस खुर्चीत पुढं सरकायचा.

माझा धाकटा भाऊ शेती करतो.

परंड्याच्या अलीकडं आमचं गाव आहे. चार एकर रान, एक विहीर, दोन म्हशी. आण्णा, म्हणजे आमचे वडील, गेले तेव्हा मी पुण्यात कॉम्प्युटरचं शिकत होते आणि तो परंड्याच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होता. दोघांपैकी एकानं परत येणं भाग होतं. कुणी यायचं यावर आमच्या घरात एक शब्दसुद्धा बोलला गेला नाही. तो आण्णांच्या जलदान विधीच्या दिवशी म्हशींना वैरण टाकायला उठला तो उठलाच. मी पुण्याला परत गेले. आज तो चौतीस वर्षांचा आहे. सोयाबीन, तूर, ज्वारी करतो, अंगावर एक पैसा कुणाचा नाही, दारू नाही, तंबाखू नाही. उंच आहे, देखणा म्हणावा असा आहे. आणि सहा वर्षं आम्ही त्याच्यासाठी मुलगी बघतोय.

सरांच्या केंद्रात त्याचं नाव मीच घातलं. आमच्याकडं बायोडाट्यावर मुलाचा स्वतःचा फोन नंबर देत नाहीत. ते थिल्लर दिसतं. वडील असतील तर वडिलांचा, नसतील तर मामांचा. म्हणून मी परंड्याच्या मामांचा नंबर घातला. मामा एसटीत कंडक्टर होते, आता घरी असतात, आणि भाच्याचं लग्न हा त्यांचा पूर्णवेळचा उद्योग आहे.

एक वर्ष गेलं, मामांच्या फोनवर एकही विचारणा आली नाही. मला मालक म्हणून सगळ्या केंद्रांच्या आतलं दिसतं. एका दुपारी मी हिंमत करून भावाचं पान उघडलं. वर्षभरात त्याचं नाव किती याद्यांत दिसलं, तो आकडा तिथं असतो. शून्य होता. त्याला कुणी नाकारलंसुद्धा नव्हतं. त्याला कुणी पाहिलंच नव्हतं. एकूण एक घरांनी माझ्या चौकटीवर खूण केली होती. मला माझीच चीड आली. मग इतर माणसांची आली. मग पुन्हा माझी.

मी त्याला फोन केला आणि म्हणाले, आपण ‘शेती’ काढून ‘व्यवसाय’ लिहू. खोटं नाही, शेती हा व्यवसायच आहे. पुष्कळ मुलं तसं लिहितात. तो म्हणाला, मग उद्या पोरीकडचे विचारतील कसला व्यवसाय, तेव्हा काय पानपट्टी दाखवू का त्यांना? जे हाय ते लिव्ह. फोन ठेवताना त्याच्या मागं मोटारीचा आवाज येत होता. तो पाणी द्यायला निघाला होता.

त्यानं बदलू दिलं नाही, तेव्हा मी सॉफ्टवेअर बदललं. एक ओळ घातली. चौकटीवर खूण असली तरी एका ठरावीक नोंदणी क्रमांकाचं स्थळ वगळायचं नाही. तो क्रमांक भावाचा. कुठल्याही केंद्राला हे दिसणार नव्हतं. अशी लबाडी मी कुठल्याही गिऱ्हाइकासाठी केली नसती, आणि कुणी मागितली असती तर त्याला चार गोष्टी सुनावल्या असत्या. स्वतःच्या भावासाठी मात्र माझा हात जरासुद्धा अडला नाही.

तीन आठवड्यांत मामांचा फोन आला. त्यांचा आवाज एकदम तरणा झाला होता. जळकोटचं स्थळ होतं. मुलीचे वडील एसटीत ड्रायव्हर होते, म्हणजे मामांच्या खात्यातलेच. मुलगी बी.एस्सी. झालेली. त्यांनी स्वतःहून विचारलं होतं. मामा म्हणाले, “म्या म्हणलं नव्हतं का, आपल्या पोराला काय कमी हाय?” मी म्हणाले, हो मामा. तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

रविवारी ते सगळे जीप करून गावाहून निघाले, मला धाराशिवात घेतलं आणि आम्ही तुळजापूर, नळदुर्ग करत जळकोटला गेलो. आईनं नवं पातळ नेसलं होतं. भावानं पांढरा शर्ट घातला होता आणि त्याच्या मनगटापर्यंतचा रंग आणि बाहीच्या आतला रंग वेगवेगळा दिसत होता. मी त्याला म्हणाले, बाह्या खाली कर. त्यानं केल्या.

घर रस्त्याला लागून होतं, मोठ्या गाड्या गेल्या की कपातला चहा थरथरायचा. माणसं चांगली होती. आईला पाठीला उशी दिली. पोहे आले, मुलगी येऊन बसली, तिनं मान खाली न घालता सगळ्यांकडं एकदा नीट पाहिलं. मला ती आवडली. मग तिच्या चुलत्यांनी, बोलणं सुरू करायचं म्हणून, भावाला विचारलं की ड्यूटी कुठं असते आणि शिफ्ट असते का.

भाऊ म्हणाला, “रानात असते. लाईट असंल तशी.”

चुलत्यांना वाटलं तो गंमत करतोय, ते हसले. मुलीच्या वडिलांनी मात्र बायोडाट्याचा कागद उचलला आणि पहिल्यांदाच कामधंद्याचा रकाना वाचला. त्यांनी तो आधी वाचलाच नव्हता. वाचायचं कारण नव्हतं. यादी गाळून आलेली आहे हे त्यांना ठाऊक होतं. माझ्या सॉफ्टवेअरवर त्यांचा तेवढा विश्वास होता. ते रागावले नाहीत. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, चष्मा लावला, ती खूण शोधली आणि मामांपुढं धरली. म्हणाले, आम्ही तर हे केलं होतं बघा, मशिनचं काहीतरी चुकलंय, तुमचा काही दोष नाही. मामांनी ते शब्द मोठ्यानं वाचले. शेती करणारा नको. आईला वाचता येत नाही, तिलाही ते ऐकू आलं.

भाऊ माझ्याकडं बघत होता.

मी उठून आत गेले. स्वयंपाकघरात मुलगी रिकाम्या बशा घासायला घेत होती. मी काहीतरी माफी मागायला लागले, तर तिनं मला थांबवलं. ती म्हणाली, “ती खूण मी केलेली हाय, ताई. पप्पांनी न्हाय.” मागच्या दारात तिची आई पाण्याची घागर उतरवत होती. मुलगी हळूच म्हणाली, “पप्पा गाडीवर आणि रान सगळं आईच्या अंगावर. तिचं हात बघा तुम्ही एकदा.” मी बघितले नाहीत. माझ्या आईचे मला पाठ आहेत.

परत येताना मामा नळदुर्गपर्यंत बोलत होते. एसटीतले ड्रायव्हर कसे माजले आहेत, पूर्वी तसं कसं नव्हतं.  धाराशिवात मी उतरले, भाऊ माझ्याबरोबर चहाला उतरला. टपरीवर त्यानं विचारलं, यात तू काही केलंस का? मी आधी नाही म्हणाले. मग सगळं सांगितलं. मला वाटलं तो चिडेल. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

तो म्हणाला, “तुझ्या लग्नाच्या टायमाला मामांनी तुला इचारलं हुतं, कसला पोरगा बघू. तू म्हणलीस, कसलाबी बघा, फकस्त रानातला नको. मी तिथंच भाकर खात हुतो.”

मला ते आठवत नव्हतं. म्हणजे मी तसं म्हणाले असणार यात शंका नव्हती, पण तो तिथं होता हे आठवत नव्हतं.

“मला राग नव्हता आला,” तो म्हणाला. “म्या म्हणलं बरं झालं, ताई सुटली. आता ती पोरगी सुटाया बघती तर तिचं काय चुकलं? तू मला काढ त्यातनं. लोकांच्या दारात जाऊन बसायची मला आता लाज वाटती.”

मी म्हणाले, बघते. कप ठेवून तो जीपकडं गेला. मामा आत बसूनच हॉर्न वाजवत होते.

सोमवारी सरांचा फोन आला. जळकोटच्या माणसानं त्यांना सांगितलं होतं की चौकट नीट चालत नाही. सर घाबरले होते. ही एक गोष्ट बिघडली तर लोक दुसऱ्या केंद्रात जातील, असं म्हणाले. मी म्हणाले, तांत्रिक अडचण होती सर, आजच दुरुस्त करते. ती ओळ मी काढून टाकली. दुरुस्तीनंतर तपासून बघायचं असतं, तो नियमच आहे, म्हणून मी एका मुलीच्या बाजूनं आत गेले, खूण केली आणि यादी उघडली. भाऊ यादीत नव्हता. सगळं व्यवस्थित चालू झालं, असं मी सरांना कळवलं.

त्याचं नाव मात्र मी काढलं नाही. मला माझा हट्ट सोडवत नव्हता. कधीतरी एखादं घर खूण न करता शोधेल, एखादी मुलगी स्वतः रानात रमणारी असेल, असं मी स्वतःला सांगत राहिले. एकीकडं मला ठाऊक होतं की तशी मुलगी केंद्रात नाव नोंदवत नाही. दर पंधरा दिवसांनी तो फोनवर विचारायचा, काढलं का? मी म्हणायची, करते. नंतर त्यानं विचारणं बंद केलं. मला वाटलं, त्याचा राग निवला.

तुरीला फुलं लागली होती त्या दिवसांत एका सकाळी, अकराच्या सुमाराला, आईचा फोन आला. आई स्वतः फोन करत नाही. तिला लावून द्यावा लागतो. मला वाटलं कुणी गेलं. पण ती हसत होती. शब्द तोंडात काहीतरी गोड असल्यासारखे येत होते. म्हणाली, तुझे मामा पहिल्या गाडीनं आलेत परंड्याहून, पेढे घेऊन, त्याच्यासाठी फेटा घेऊन. तुला तर ठाऊक असणारच, तुझ्याच मशिनवर जमलं की. तू मला आधी का नाही सांगितलंस?

मी विचारलं, काय जमलं?

मामांच्या मोबाइलवर आदल्या संध्याकाळी निरोप आला होता. आईनं तो शेजारच्या पोरीकडून दोनदा वाचून घेतला होता, मला तोंडपाठ म्हणून दाखवला. “मंगल परिणय जुळल्याबद्दल आपल्या परिवाराचे मनःपूर्वक अभिनंदन. जय भीम.” ते शब्द माझे होते. सरांच्या केंद्रासाठी मीच बसून लिहिले होते, गुलाबी केंद्रासाठी वेगळे, हिरव्या केंद्रासाठी वेगळे. आई पुढं बोलत होती आणि मी कॉम्प्युटरवर भावाचं पान शोधत होते. ते बंद झालेलं होतं. आदल्या संध्याकाळी त्यानं स्वतःच, नाव घालताना मी दिलेल्या पासवर्डनं, मोबाइलवरून बंद केलं होतं. बंद करायला कारण निवडावं लागतं. आणि कारणांच्या यादीत मी एकच कारण ठेवलं होतं, ‘विवाह जुळला’. सगळ्या केंद्रांनी तसंच मागितलं होतं. कंटाळून नाव काढणारेही त्यात मोजले जावेत आणि दारावरच्या फलकावर आकडा फुगावा, म्हणून. बंद करायचं तर तेवढंच दाबता येत होतं, त्यानं ते दाबलं, आणि अभिनंदनाचा निरोप बायोडाट्यावरच्या नंबरवर गेला. मामांच्या.

मी विचारलं, तो कुठं आहे? रानात गेलाय फवारायला, आई म्हणाली, फोन घरीच ठेवून. त्याला अजून ठाऊकच नाही मामा आल्याचं. किती आतल्या गाठीचा आहे बघ, आईला सांगू नये होय?

“आई, ऐक,” मी म्हणाले.

“तू आधी माझं ऐक. त्या पोरीला निरोप दे,” आई म्हणाली. “म्हणावं, मी हाय तवर तुला रानात पाऊल टाकू देणार न्हाय. घरात बसून ऱ्हा, शिलाई कर, शिक पुढं, काय करायचं ती कर. रानाचं मी बघते.”

मला तिला सांगायचं होतं, एका दमात. मी म्हणाले, आई, फोन जरा मामांकडं दे.

“ते कुठं घरात हायेत?” आई म्हणाली. “ते गल्लीत पेढे वाटाया गेलेत.”